कुंपणापर्यंतची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्या काळी आपल्या भाषेत रुजली, त्या काळी कुंपण म्हणजे तारा आणि सिमेंटचे खांब नव्हे, तर शेर, मेंदी, सागरगोटा, मोगली एरंड अशा झाडाझुडपांची दाट, काटेरी आणि जिवंत वई होती. आणि त्या वईत सरड्याला भक्ष्य, आसरा, जोडीदार आणि अंग शेकण्यापुरते ऊन, असे सारे काही मिळत होते. ज्याला आपण त्याच्या सामर्थ्याची सीमा म्हणून नावे ठेवली, तो वस्तुतः त्याचा भरलेला संसार होता. ही म्हण हरघडी वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुंपणावर बसलेला सरडा क्षणभर थांबून पाहिला असेल, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो. त्या दिवसांत नराचे डोके आणि गळा लालभडक होतो, आणि खांबाच्या माथ्यावर बसून पुढच्या पायांवर अंग उचलीत तो जोर काढल्यासारखा खालीवर होत राहतो. एवढ्या जागेवर माझा अंमल आहे, असा तो त्याच्या परीने काढलेला जाहीरनामाच असतो. म्हण आपल्या मुखोद्गत आहे आणि सरडा आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम मात्र आपण कधी केले नाही. जे दूर आहे ते पाहावयाचे आणि जे जवळ आहे ते गृहीत धरावयाचे, ही आपल्या दृष्टीची जुनी खोड आहे, आणि प्रस्तुत पुस्तक त्या खोडीच्या विरुद्ध, कुंपणापर्यंतच्याच धावेवर, समजून-उमजून लिहिलेले आहे.

पुण्याच्या एका जुन्या उपनगरातील चार गुंठे जागेत, फाल्गुनाच्या आरंभापासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत, सलग अकरा वर्षे जे दिसले आणि जे ऐकू आले, त्याची तिथी-तारखेसह ठेवलेली ही रोजकीर्द आहे. या जागेत एक कडुलिंब आहे, एक करंज आहे, शेवगा आहे, मागच्या भिंतीच्या फटीत आपसूक उगवलेला उंबर आहे, विहिरीच्या कठड्याजवळ कढीलिंबाची दोन रोपे आणि एक मोगरा आहे. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी पांगारा आणि त्याच्यापलीकडे एक उंच वावळ आहे. ज्याला वन म्हणावे असे येथे काही नाही. या घराच्या खरेदीखतात चतुःसीमा सांगून झाल्यावर, आपल्याकडील सनदांतून आणि दस्तऐवजांतून शेकडो वर्षे चालत आलेल्या शिरस्त्याप्रमाणे, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ मिळकत दिल्याचे लिहिले आहे. ते वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा केवळ कायद्याची भाषा म्हणून वाचले. पुढे वर्षानुवर्षे या अंगणात बसून राहिल्यावर त्यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे हे ध्यानात आले, आणि त्याबरोबरच हेही ध्यानात आले की, तरु आणि तृण ज्यांच्या नावे चढत नाहीत, पण ज्यांची वहिवाट माझ्याहून जुनी आहे, अशा खातेदारांची नोंद त्या दस्तात कोठेच नाही. ती उणीव यथाशक्ती भरून काढावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

वसंताविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप आम्रमंजिरी, मलयानिल आणि कोकिळकूजन यांच्याकडे वळते, कारण त्या वाटेवर संस्कृत काव्याने शतकानुशतके पायघड्या घातलेल्या आहेत. परंतु दख्खनच्या पठारावरील वसंत प्रत्यक्ष पाहू गेल्यास त्याचे पहिले लक्षण फुलणे हे नसून गळणे हे आहे. फाल्गुनात कडुलिंबाखालची जमीन पिवळ्या पानांनी झाकली जाते, पिंपळ आठ-पंधरा दिवसांत ओकाबोका होतो, सावर आणि पांगारा यांच्या अंगावर तर औषधालाही पान उरत नाही. आणि नेमक्या याच सुमारास, सकाळी झाडलेल्या अंगणात दुपारी पुन्हा पाचोळा साचत असतानाच, वरच्या डहाळ्यांच्या टोकांशी तांबूस पालवी फुटू लागते. पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये शीत देशांत बर्फाचे काही महिने उभे असतात. आपल्याकडे त्या दोहोंच्या मध्ये पुष्कळदा एक आठवडाही नसतो. एकाच झाडाच्या एका फांदीवर जुने पान निरोप घेत आहे आणि दुसरीवर नवे पान डोळे उघडीत आहे, हे दृश्य पिंपळाखाली उभे राहून कोणालाही पाहता येते, आणि ते एकदा पाहिले की वसंत हा ऋतू आरंभाचा की अखेरीचा, हा वाद निरर्थक वाटू लागतो.

यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. पाऊस जूनखेरीज येत नाही, विहिरीचे पाणी दिवसेंदिवस खाली जात असते, ऊन वाढत असते. आणि अशा वेळी, सर्व शहाणपणाच्या विरुद्ध, झाडे नवी पाने काढतात आणि फुलतात. त्याचा उलगडा झाडाच्या हिशेबीपणात आहे. जुनी पाने टाकून दिल्याने त्यांच्यावाटे हवेत जाणारे पाणी वाचते. खोडात साठलेल्या आणि खोल मुळांनी वर आणलेल्या त्या शिलकीवर नवी पालवी निघते. कोवळेपणी तिच्यात असलेला तांबडा रंग तिला प्रखर उन्हापासून काही अंशी जपतो. आणि मृगाचा पाऊस पडेल त्या दिवशी झाडाची पाने कामाला सिद्ध असतात, त्यांना उगवण्यात वेळ दवडावा लागत नाही. निष्पर्ण फांदीवरचे पळसाचे किंवा पांगाऱ्याचे फूल दुरून पक्ष्यांच्या नजरेत भरते, हा दुसरा लाभ. वावळीच्या चकतीसारख्या पंखधारी बिया चैत्रातल्या कोरड्या वाऱ्यावर गल्लीभर उडत जातात आणि सावरीचा कापूस वैशाखात सुटतो, तोही याच हिशेबाने; कारण उडण्यासाठी कोरडा वारा हवा आणि रुजण्यासाठी पुढचा पाऊस हवा, आणि हे दोन्ही एकामागून एक मिळण्याची संधी वर्षातून एकदाच येते. ज्याला आपण वसंताचा विलास म्हणतो, तो अशा रीतीने टंचाईच्या दिवसांतील अत्यंत काटेकोर जमाखर्च आहे. हे समजल्याने त्याचे सौंदर्य कमी होत नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर, रणरणत्या दुपारी करंजावर चमकणारी हिरवी पालवी पाहताना मला आता पूर्वीपेक्षा अधिक आदर वाटतो.

परिचय आणि ओळख यांत किती अंतर असते, याचा मला मिळालेला पहिला दाखला कोकिळेचा. माझ्या लहानपणापासून ‘कोकिळा गाते’ असे मी वाचीत आणि लिहीत आलो. वस्तुस्थिती अशी की जो गातो तो नर. अंगाने काळाभोर, डोळ्याने लाल. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांनी आणि पट्ट्यांनी भरलेली, आणि तिचा आवाज म्हणजे फांदीवरून फांदीवर झेपावताना काढलेला तीक्ष्ण ‘किक् किक् किक्’ असा कलकलाट. ही मादी आमच्या उंबरावर कित्येक वर्षे येत होती, आणि मी तिला कोणी निराळाच पक्षी समजत होतो. तसेच, हिवाळ्यात कोकीळ कोठे तरी दूर जातो आणि वसंताबरोबर परततो, अशी माझी समजूत होती. तो येथेच असतो, फक्त मूक असतो, हे मार्गशीर्षातल्या एका सकाळी उंबराची फळे खात बसलेला नर नजरेस पडला तेव्हा कळले. ऋतू बदलला म्हणजे कोणी नवा आला असे नव्हे. पुष्कळदा जो होता तोच बोलू लागतो. दयाळाचेही तसेच. हिवाळाभर कुंपणाच्या तळाशी शेपटी उडवीत किडे वेचणारा हा काळापांढरा पक्षी फाल्गुनाच्या पहाटे तारेच्या खांबावर जाऊन बसतो आणि उजाडण्यापूर्वीच अशी मधुर, लांबलचक शीळ घालतो की गाढ झोपेतल्या माणसालाही जाग यावी.

काऊ-चिऊची गोष्ट ऐकल्यावाचून मराठी मूल मोठे होत नाही, आणि म्हणूनच कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, याबद्दल आपल्या कोणाच्याही मनात शंका नसते. वैशाखात कडुलिंबाच्या बेचक्यात कावळा आपले घरटे रचू लागतो तेव्हा मात्र तो काटक्यांबरोबर गंजलेल्या तारांचे तुकडेही आणतो आणि आत मऊ धाग्यांची खोलगट गादी करतो. शेणाचा तेथे मागमूस नसतो. शेतकऱ्यांनी मात्र कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष दिले, कारण ते झाडाच्या कोणत्या बाजूस आणि किती उंचीवर आहे त्यावरून पुढील पावसाचा अंदाज बांधण्याची रीत गावोगाव होती. तो अंदाज कितपत खरा ठरत असे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यासाठी दरवर्षी मान वर करून घरटे पाहावे लागे, हे त्या रीतीचे मोल मला फार मोठे वाटते. कोकिळेची मादी याच घरट्यात आपले अंडे टाकते, आणि तिचे पिलू कावळ्याच्या पिलांबरोबरच वाढते. आषाढात आमच्या अंगणात एक कावळा दोन निराळ्या जातींच्या पोरांना आळीपाळीने भरवीत असलेला मी पाहिला आहे. ज्याला आपण पिंडापुरते बोलावतो आणि एरवी हाकलून देतो, त्याच्या वात्सल्यापुढे त्या दिवशी मी पुष्कळ वेळ नुसता उभा राहिलो.

आता मला तांबट पक्ष्याविषयी लिहावयाचे आहे, कारण हे पुस्तक त्याच्यामुळे आहे. चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर आणि छातीवर कुंकवाचा टिळा लावल्यासारखा तांबडा ठिपका असलेला हा पक्षी, ऊन चढू लागले की झाडाच्या शेंड्यावर बसून ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एका सुरातला, एका लयीतला आवाज मिनिटामागून मिनिटे काढीत राहतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी तांब्याच्या पत्र्यावर पडणारे हातोडीचे घाव ऐकले आहेत, त्यांना या पक्ष्याचे नाव कोणी आणि का ठेवले हे सांगावे लागणार नाही. हा आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते. फुगते आणि बसते ती गळ्याची कातडी, आणि प्रत्येक ठोक्यासरशी तो मान इकडून तिकडे वळवीत असल्याने आवाज क्षणात जवळून आणि क्षणात दुरून आल्याचा भास होतो. याचे घर म्हणजे वाळलेल्या फांदीला चोचीने पाडलेले, रुपयाएवढ्या तोंडाचे वाटोळे भोक. लाकूड मऊ असावे लागते, म्हणून शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या मेलेल्या फांद्या त्याला विशेष आवडतात.

बारा वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आमच्या शेवग्याची एक वाळलेली फांदी मी तोडून टाकविली. वादळात ती कोणाच्या अंगावर पडेल, असे कारण मी स्वतःला दिले. खरे कारण एवढेच की ती दिसायला वाईट दिसत होती. फांदी खाली पडल्यावर तिच्या खालच्या अंगाला असलेले ते वाटोळे भोक मला दिसले. आतील पोकळीत तीन पांढरी अंडी होती. त्यांतील दोन फुटली होती. तिसरे माझ्या तळहातावर बराच वेळ होते, आणि त्याचे काय करावे हे मला कळत नव्हते. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबटाची जोडी, फांदी जेथे होती त्या रिकाम्या जागेपाशी उडत येई, हवेत क्षणभर थबके आणि परत जाई. त्यापूर्वी महिनाभर तो ‘टुक् टुक्’ आवाज माझ्या खिडकीतून दिवसातून अनेक तास येत होता. मी तो ऐकला होता, त्याचे कौतुक केले होते, कदाचित पाहुण्यांना ऐकविलाही होता. परंतु तो कोठून येतो, कशासाठी येतो, हे पाहण्यासाठी वीस पावले चालून गेलो नव्हतो. माझ्या हातून घडलेल्या त्या अपराधाच्या मुळाशी क्रौर्य नव्हते. होती ती केवळ बेपर्वाई, आणि तिचा परिणाम क्रौर्याहून तसूभरही निराळा झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षाच्या फाल्गुनात मी या रोजकीर्दीचे पहिले पान लिहिले.

घरालगतची सृष्टी न्याहाळणे हा काही परदेशातून आयात केलेला छंद नव्हे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आपल्या घरांतील बायका सकाळी सडा घालून चैत्रांगण काढीत. त्यात तुळशीवृंदावनाबरोबर कासव, नाग, हत्ती, कमळ, सूर्य आणि चंद्र यांनाही जागा असे, आणि गौर झोपाळ्यावर बसलेली असे. भूतमात्राला अंगणात हजेरी लावावयास बोलाविणारा याहून सुंदर हजेरीपट मला माहीत नाही. अधिक आषाढ येई त्या वर्षी कोकिळाव्रत धरणारी स्त्री कोकिळेचा स्वर कानी पडल्यावाचून अन्नाला शिवत नसे. त्या सुमारास कोकिळाचे गाणे ओसरू लागलेले असल्याने तिला किती एकाग्रतेने कान देऊन बसावे लागत असेल, याची कल्पना करून पाहावी. पुण्य कोणत्या खाती जमा होत असेल ते असो. पण ऐकण्याचे शिक्षण म्हणून या व्रताची बरोबरी करील असे काही आज आपल्या शाळांतून शिकविले जात नाही.

ग्रंथांच्या वाटेने पाहू गेल्यास, या विषयावरील एका आद्य लेखकाचे नाव साताऱ्याशी निगडित आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म 1851 साली साताऱ्यास झाला. काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले आणि नंतर मीठ व जकात खात्यात नोकरी केली. 1883 साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांत ते एक होते, आणि त्याच साली त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक निघाले. फ्रंटियर म्हणजे सरहद्द; आणि एटकेन यांची सरहद्द खैबर खिंडीत नसून त्यांच्या बंगल्याच्या भोवती होती. उंदीर, मुंग्या, पाली, कावळे, बेडूक, वटवाघळे या तेथील जमाती होत्या. साम्राज्याच्या सीमांची चर्चा सर्वत्र चाललेली असताना, आपल्या व्हरांड्याच्या सीमेवर काय घडते हे पाहण्यात एका सरकारी अधिकाऱ्याने आयुष्य सार्थकी लावावे, ही गोष्ट मला फार आश्वासक वाटते.

पुढे सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर दिवसेंदिवस नजर ठेवून जे लेखन 1931 साली प्रसिद्ध केले, त्याने या पक्ष्याच्या संसाराविषयीची समजूतच पालटली. आपण जिला सुगरण म्हणतो ती घरटे विणीत नाही. विणतो तो नर. तो अर्धवट विणलेली घरटी मांडून ठेवतो, मादी ती पारखून पाहते, पसंत पडेल त्यात संसार थाटते, आणि मग तो उरलेले काम पुरे करून दुसऱ्या घरट्याला हात घालतो. सुगरणीचे विणकाम पावसाळ्यातले, म्हणून या पुस्तकाच्या कक्षेत ते येत नाही; पण शेकडो वर्षे लाखो माणसांच्या नजरेसमोर, विहिरींवर आणि बाभळींवर, उघड्यावर चाललेला हा व्यवहार नीट समजण्यासाठी एका माणसाने एका जागी बसून राहण्याची गरज होती, हे त्यातून घ्यावयाचे आहे. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर दुर्गाबाई भागवतांच्या 1956 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ या ग्रंथाने बारा महिन्यांचे जे दर्शन घडविले, त्याच्या ऋणातून या विषयावर लिहिणारा कोणीही मराठी माणूस मुक्त होऊ शकणार नाही. पान आणि फूल यांच्याकडे शास्त्राच्या आणि काव्याच्या अशा दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी पाहता येते, हा धडा मी तेथे घेतला.

नोंदी कशा ठेवल्या, याविषयी थोडे सांगणे जरूर आहे. कारण हे पुस्तक वाचून कोणी आपली स्वतःची वही उघडली तर मला माझ्या श्रमाचे चीज झाल्यासारखे वाटेल. जागा एकच असावी आणि वेळ शक्यतो ठरलेली असावी. मी सकाळी उजाडताना आणि दुपारी उन्हाच्या भरात, प्रत्येकी अर्धा तास बसत आलो. पहिली दहा मिनिटे पाखरे आपल्याकडे पाहतात, आपण त्यांना दिसतो. त्यानंतर आपण कुंपणाचा एक भाग होतो आणि ती आपल्या कामाला लागतात. बहुतेक लोक पहिल्या पाच मिनिटांतच उठून जातात आणि आमच्याकडे काही नाही असे सांगतात. जे पाहिले तेवढेच लिहावे. जे वाटले ते निराळ्या रकान्यात लिहावे. जेथे शंका असेल तेथे शंका लिहावी. नाव ठाऊक नसले तर अडू नये. रंग, आकार, चाल, आवाज आणि बसण्याची जागा लिहून ठेवावी, नाव मागाहून मिळते. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर वर्षाचा काही काळ पिवळसर पोटाचा आणि गळ्यापासून खाली एकच काळी रेघ ओढलेला असतो, आणि वीण जवळ आली की त्याच्या अंगावर ती काळसर-जांभळी, मखमली झळाळी चढते. मी पहिली दोन वर्षे या एकाच पक्ष्याला दोन पक्षी समजून लिहिले होते, आणि ती चूक माझ्या वहीतील वर्णनांवरूनच पुढे दुरुस्त झाली. घरटे सापडले तर त्याच्याजवळ वारंवार जाऊ नये. आपल्या येण्याजाण्यावर कावळ्याची नजर असते आणि आपले कुतूहल पिलांच्या जिवावर बेतू शकते.

तिथीबरोबर इंग्रजी तारीखही मी दिली आहे, त्यालाही कारण आहे. आपले चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि अधिक मासाने ती तूट मधूनमधून भरून काढली जाते. त्यामुळे गुढीपाडवा कधी मार्चच्या उत्तरार्धात तर कधी एप्रिलच्या मध्याजवळ येतो. कडुलिंब मात्र सूर्याचे पंचांग पाळतो. एखाद्या वर्षी पाडव्याला गुढीला बांधण्यासाठी कोवळी, तांबूस डहाळी मिळते, तर एखाद्या वर्षी तीच डहाळी पांढऱ्या फुलोऱ्याने भरलेली असते आणि रात्री साऱ्या अंगणात तिचा मधासारखा मंद वास पसरलेला असतो. दोन्ही कालगणना शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज हा फरक झाडाचा की पंचांगाचा, हे कळत नाही.

ज्यांना अंगण नाही त्यांनी हे पुस्तक दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. मुंबईतील चाळीच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत लालबुड्या बुलबुल घरटे करतो. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला सूर्यपक्षी कोळिष्टके आणि सालपटे जोडून आपली पिशवी लटकावतो. तिसऱ्या मजल्यावरील कढीलिंबाच्या एका रोपावरही लिंबाळी फुलपाखरू अंडी घालून जाते, आणि त्याची लहानगी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने भक्षकच नव्हे तर घरची गृहिणीही फसते. फोडणीसाठी पाने तोडताना क्षणभर हात थांबला, एवढे झाले तरी पुरे आहे. धाव कुंपणापर्यंत असो की गॅलरीच्या गजापर्यंत. प्रश्न अंतराचा नसून मुक्कामाचा आहे.

वहीतील एका शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. तो शब्द ‘नाही’. ‘भोरड्यांचा थवा आज पांगाऱ्यावर नाही’, असे चैत्राच्या एखाद्या नोंदीत आढळेल. त्याचा अर्थ, हिवाळाभर आपल्याकडे राहिलेले ते गुलाबी पाहुणे मध्य आशियातील आपल्या मायदेशाच्या वाटेला लागले, आणि पावसाळ्याच्या अखेरीस ते पुन्हा येतील. हा ‘नाही’ आनंदाचा आहे. परंतु ‘ओसरीच्या वळचणीला चिमण्यांचे घरटे नाही’ ही सहाव्या वर्षापासूनची नोंद तशी नाही. तो ‘नाही’ पुढील प्रत्येक वर्षी आला आहे. एखादा जीव आपल्या परिसरातून उठून जातो तेव्हा तो कोणाचा निरोप घेत नाही. आणि तो होता याची तारीखवार नोंद आपल्याजवळ नसेल, तर तो गेला याचा पुरावाही आपल्याजवळ राहत नाही, केवळ पूर्वी असे नव्हते अशी एक संदिग्ध हळहळ उरते. हळहळीच्या आधारे काही वाचविता येत नाही. म्हणून ज्याच्या अंगणात आज काही आहे, त्याने ते असताना लिहून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवग्याची नवी फांदी त्यानंतर वाढली, मोठी झाली आणि तिच्यातीलही एक भाग कालांतराने वाळला. तो मी तसाच राहू दिला आहे. त्या फांदीच्या खालून जाण्याची वाट वळवून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती का वळविली हे सांगण्याचा कंटाळा केला नाही. फाल्गुनातील नोंदींत ‘शेवग्यावर तांबट नाही’ हे वाक्य ओळीने दहा वर्षे सापडेल; आवाज गल्लीपलीकडून येत होता, पक्षी येत नव्हता. अकराव्या वर्षी, फाल्गुन वद्य षष्ठीस, सकाळी आठच्या सुमारास, एक तांबट त्या वाळल्या फांदीवर येऊन बसला, तिच्या खालच्या अंगाला चोचीने पाच-सहा वेळा ठोकून पाहिले, आणि उडून गेला. त्या वर्षी तो परत आला नाही. नोंद एवढीच आहे, आणि तिच्यापुढे मी काहीही लिहिलेले नाही. पण या पुस्तकातील दुसरी कोणतीही नोंद लिहिताना माझा हात इतका कापलेला मला आठवत नाही.

हस्तलिखित मुद्रकाकडे गेले आहे, फाल्गुन सरत आला आहे, आणि फांदी आपल्या जागी आहे.

पुणे,
फाल्गुन वद्य अमावास्या